आठ बिऱ्हाडं, एक नळ

"माळ्यावरचं ते धूड घेऊन जा. मंगळवारी भंगारवाला येणारे," असा मामीचा फोन आला तेव्हा धूड कोणतं हे विचारायची गरज पडली नाही. डोंबिवलीच्या त्यांच्या घरात मामी ज्यांना धूड म्हणायची अशा दोनच वस्तू होत्या. एक पितळी घंगाळ आणि दुसरा मामाचा कोर्ग पॉली-८००. घंगाळ आदल्या दिवाळीतच मोडीत निघालं होतं.

खरं तर त्याला धूड म्हणणं अन्यायाचं आहे. ४९ पट्ट्यांचा, काखेत मारून नेता येईल एवढाच सिंथेसायझर तो. दोन्ही टोकांना पट्टा अडकवायच्या खुंट्या आहेत, म्हणजे गिटारसारखा गळ्यात घालून वाजवावा अशी बनवणाऱ्यांची कल्पना. मामाने तो कधी गळ्यात घातला नाही. "आपण काय नाचणारे आहोत का?" म्हणायचा. मध्यम आकाराचे सहा सेल घातले की हा विजेशिवायही चालतो. गणपतीत मांडवातली लाईट गेली की अख्खा ऑर्केस्ट्रा गप्प व्हायचा, अँप्लिफायरही बंद, आणि मामा एकटा हेडफोन लावून पुढच्या गाण्याचे पीस घोटत बसायचा.

पॉली-८०० बाजारात आला १९८३ च्या अखेरीस. एका वेळी आठ सूर वाजवणारा, पॅच म्हणजे जुळवून ठेवलेले आवाज लक्षात ठेवणारा आणि तरीही हजार डॉलरच्या आत मिळणारा सिंथ ही तेव्हा बातमीच होती. मामाकडे तो आला १९८७ मध्ये, मस्कतला नोकरी करणाऱ्या एका मित्राच्या सामानातून, सेकंडहँड. गिरगावातल्या चाळीत, दोन खोल्यांच्या घरात, तो कॉटखाली राहायचा. मी तेव्हा सहा वर्षांचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी गेलो की कॉटखाली सरपटत जाऊन त्याच्या पट्ट्या दाबायच्या, हा माझा उद्योग. बंद असलेल्या सिंथच्या पट्ट्यांचा आवाज मला अजून आठवतो, खटखट, प्लास्टिकचा.

मामा म्हणाला, "उघडलास तरी चालेल. स्क्रू हरवू नकोस."

जुन्या चादरीत गुंडाळून कल्याणहून इंद्रायणीने तो पुण्याला आणला. शेजारच्या काकूंनी विचारलं, "पेटी का?" मी हो म्हणालो. ते तितकंसं खोटंही नव्हतं, हे मला तो उघडल्यावर कळलं.

आत हिरवट पांढरा थर होता. कोणे एके काळचे सेल फुटून त्यांनी स्प्रिंगा खाल्ल्या होत्या. ते खरवडून काढलं, पॉवर सप्लायचे सुकलेले कंडेन्सर बदलले, मागची घरघर गेली, आणि एका रविवारी दुपारी धूड बोललं. मेमरी अर्थात कोरी. मी हाताने एक साधा पॅच भरला, एक सुरावट दाबली आणि माझी निराशा झाली. सहाव्या वर्षीच्या कानांनी साठवलेला आवाज भरदार होता. हा तर खेळण्यातला वाटत होता. पातळ, थोडा नाकातला.

तसा तो का, हे समजून घ्यायला मला दोन आठवडे लागले, आणि ते दोन आठवडे फार मजेत गेले.

सूर जिथे जन्मतो तिथे ओकी कंपनीची एमएसएम५२३२ नावाची आयसी आहे. व्हिडिओ गेमच्या यंत्रांमध्येही ती असायची. तिला चौकोनी लहरीच येतात: चालू-बंद, चालू-बंद. पण एकाच सुराच्या चार सप्तकांतल्या लहरी ती एकदम देते. पॅनलवर त्यांना १६, ८, ४, २ असे आकडे आहेत, चर्चमधल्या ऑर्गनच्या नळ्यांची फुटांतली लांबी. पेटीवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. खर्ज, नर, मादी असे सूर एकावर एक लावले की पेटी कशी भरते, तसंच. त्या चार लहरी एकाच्या निम्म्याने दुसरी अशा जोराने मिसळल्या तर सोळा पायऱ्यांचा जिना तयार होतो, आणि लांबून बघितलं तर तो करवतीच्या दातासारखा दिसतो. मोठ्या सिंथमध्ये खरी करवत असते. इथे जिना. चाळीला शोभणारा.

पण पातळपणाचं मुख्य कारण पुढे आहे. असल्या यंत्रात आधी खरखरीत, भरपूर स्वरांशांनी, म्हणजे मूळ सुरासोबत वाजणाऱ्या वरच्या सुरांनी, भरलेला आवाज तयार करायचा आणि मग फिल्टरने वरचं काढून टाकायचं, अशी रीत असते. तोंड उघडून 'आ' म्हणा आणि तसाच सूर धरून ओठ हळूहळू मिटत 'ऊ'पर्यंत या. गळा तोच, सूर तोच, पण वरची चमक कमी कमी होत गेली. ओठ जिथवर मिटले ते कटऑफ. कटऑफच्या आसपासचा पट्टा मुद्दाम फुगवला की त्याला रेझोनन्स म्हणतात. तो वाढवत नेला की फिल्टर स्वतःच शीळ घालू लागतो. सिंथचा स्वभाव म्हणतात तो बराचसा या ओठांमध्ये असतो.

आता आठ सुरांना आठ तोंडं हवीत. पॉली-८०० मध्ये आठांना मिळून एकच आहे. एनजेएम२०६९ नावाची एक आयसी, तिच्या आत फिल्टर, आणि आठही सूर त्यातूनच बाहेर. १९८५ मध्ये कोर्गनेच डीडब्ल्यू-८००० काढला, त्यात हीच आयसी आठ वेळा बसवली आहे, एकेका सुराला एकेक. किमतीतला फरक तिथून सुरू होतो. पॉलीमध्ये तुम्ही चार सूर धरून ठेवलेत आणि पाचवा सूर नव्याने दाबलात, तर सेटिंगप्रमाणे एकतर त्या पाचव्यासाठी फिल्टर हलतच नाही, किंवा आधीचे चारही बिचारे पुन्हा 'वाँव' करतात. आठ बिऱ्हाडांना एकच नळ असला की पहिल्या मजल्यावरच्यांनी बादली लावल्यावर तिसऱ्या मजल्याची धार बारीक होते. तसं.

दुसरी काटकसर मला जास्त खुपली. पॅनलवर आवाज घडवायचे नॉब नाहीत. कटऑफ बदलायचा तर त्याचा पॅरामीटर नंबर दाबायचा, मग वर-खाली बटणांनी ० ते ९९ मधला आकडा गाठायचा. वाजवता वाजवता फिल्टर उघडत न्यावा, हे सिंथचं सगळ्यात मोठं सुख. इथे ते सुख म्हणजे डाव्या अंगठ्याने बटण दाबून धरणं आणि लाल आकडे पळताना बघणं. रेझोनन्स तर ० ते १५, एवढ्याच पायऱ्या. लिफ्टच्या बटणांनी कुणी मींड काढेल का?

म्हणून मी ठरवलं, नॉब बसवायचे.

ही काही माझी कल्पना नाही. पॉली-८०० ला कटऑफ आणि रेझोनन्सचे नॉब लावणं हा हौशी लोकांचा जुना खेळ आहे. शिवाय एक तिसरी गोष्ट करतात. सुराची लहरच उचलून कटऑफच्या पायावर सोडायची, म्हणजे फिल्टर सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करतो आणि आवाज घोगरा, धातूचा, कधीकधी अगदी किंचाळणारा होतो. मूळ यंत्रात हे कुठेच नाही. पण त्याच्या पोटात ती शक्यता पहिल्या दिवसापासून होती, फक्त वायर ओढलेली नव्हती.

शनिवारी तपकीर गल्लीत गेलो. बुधवार पेठेतली ही गल्ली म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची मंडई. तीन पॉट (नॉबखाली बसणारे, फिरवून कमीजास्त होणारे रेझिस्टन्स), एक टॉगल स्विच, थोडे रेझिस्टन्स, शिल्डेड वायर. दुकानदाराने विचारलं, "अँप्लिफायर बनवताय?" त्या गल्लीत पॉट मागणारा माणूस अँप्लिफायरच बनवत असतो. मी पुन्हा हो म्हणालो. या वाद्याने मला फार खोटं बोलायला लावलं.

काम तसं सोपं आहे. प्रोसेसरकडून कटऑफचा हुकूम व्होल्टेजच्या रूपात आयसीच्या पायापर्यंत येतो. त्याच पायावर, एका रेझिस्टन्समधून, आपल्या पॉटचा व्होल्टेज मिसळायचा. म्हणजे आतला आकडा आणि बाहेरचा नॉब दोघे मिळून ठरवणार, ओठ किती उघडायचे. पण त्या जुन्या बोर्डावरचे तांब्याचे पट्टे पिंपळपानाच्या जाळीइतके नाजूक. सोल्डरिंगच्या पहिल्याच डागाला मी आयर्न जरा जास्त वेळ टेकवलं आणि पट्टा सोललेल्या सालीसारखा उचलला गेला. पोटात गोळा आला. पंधरा मिनिटं मी नुसता बघत बसलो. मग भिंगाखाली पट्ट्याची दोन टोकं खरवडून, एका रेझिस्टन्सचा कापलेला पाय त्यांच्यावर आडवा टाकून पूल बांधला. तो पूल अजून आहे. आयसीपर्यंत जाणारा अख्खा हुकूम त्या सव्वा सेंटिमीटर तारेवरून जातो.

त्याहून अवघड होतं भोक पाडणं. वायर काढून टाकता येते, डाग उकलता येतो. पॅनलला पाडलेलं भोक बुजत नाही. कॉटखालच्या त्या पॅनलवर, मामाने कधीतरी चिकटवलेल्या आणि आता अर्ध्या उरलेल्या गणपतीच्या स्टिकरशेजारी, मी पेन्सिलने तीन खुणा केल्या. दोन दिवस तशाच ठेवल्या.

मधल्या काळात मिरजेची आठवण येत राहिली. कामानिमित्त सांगलीला गेलो असताना एका सहकाऱ्याबरोबर त्याच्या बहिणीचा तंबोरा आणायला मिरजेत गेलो होतो. मिरजेच्या सतारींना आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ही त्याच्या आधीची गोष्ट. जवारी लावायची होती. कारागीर जमिनीवर बसलेला, मांडीवर तंबोरा. तारा सैल करायच्या, घोडी बाहेर काढायची, तिच्या पाठीवरून कानस दोनदा फिरवायची, परत बसवायची, तारा चढवायच्या, छेडायची. नाही. पुन्हा सैल. पुन्हा दोन हात. तार घोडीवर जिथे आणि जशी टेकते त्यावर तो आवाजाचा गुंजारव अवलंबून, आणि तार वर्षानुवर्षं घासून घोडीवर खाचा पाडते, म्हणून जवारी उतरते आणि पुन्हा लावावी लागते. "जवारी उघडी हवी की बंद?" त्याने विचारलं होतं. मूळ आवाज परत हवा का, असं काही त्याने विचारलं नाही. त्याला तो प्रश्नच पडला नसावा. तंबोऱ्याचा मूळ आवाज कोणता? पहिल्या कानशीचा की विसाव्या? आणि कानशीने गेलेलं हाड तरी कुठे परत येतं?

या आठवणीने मला धीर दिला की मी तिला धीर द्यायला लावलं, कुणास ठाऊक. माणूस भोक पाडायचं ठरवतो आणि मग मिरज आठवतो, असंही असेल.

जुन्या सिंथच्या शौकिनांत या बाबतीत दोन घराणी आहेत. एकाचं म्हणणं, हात लावू नका. दुसऱ्याचं म्हणणं, वाद्य वाजवण्यासाठी असतं. मिनीमूग या जुन्या सिंथवाल्यांनी मधली वाट काढली होती. हेडफोनच्या आउटपुटमधून वायर काढून त्याच यंत्राच्या बाहेरच्या इनपुटमध्ये घालायची, की आवाज स्वतःच्याच अंगावर धावून जाड होतो. ना भोक, ना डाग. पण मला राहून राहून आठवायचा तो रोलंडचा टीबी-३०३. १९८१ मध्ये गिटारवाल्यांना घरच्या घरी बेसची साथ मिळावी म्हणून काढलेली चांदीच्या रंगाची डबी. बाजारात ती पडली. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये हीच डबी, सोबत टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथ घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवले, त्याची रेकॉर्डही निघाली आणि विस्मरणात गेली. २०१० मध्ये ती नेदरलँड्समधून पुन्हा निघाली तेव्हा ऐकणारे चक्रावले, कारण शिकागोच्या पोरांनी १९८७ मध्ये याच डबीचे फिल्टर पिळून जे संगीत जन्माला घातलं, त्याच्याशी हे फार जवळचं वाटत होतं. आणि १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रॉबिन व्हिटल यांनी त्या ३०३ ला भोकं पाडून, आतल्या वाटा बदलून 'डेव्हिल फिश' केला. मूळ ३०३ आज लाखांच्या घरात आहे, आणि डेव्हिल फिश केलेला कुणी बिघडलेला समजत नाही.

माझ्या पॉलीला लाखाची भीती नव्हती. स्वस्त वस्तूचं हे एक बरं असतं.

मी भोकं पाडली. बोर्ड बाहेर काढून, खाली ओलं फडकं अंथरून, आधी बारीक ड्रिल, मग जाड. तिसऱ्या भोकाला ड्रिल घसरलं आणि पॅनलवर एक शेपटीसारखा ओरखडा उठला, गणपतीच्या स्टिकरच्या अगदी कडेपर्यंत.

आवाज काय झाला ते लिहून सांगणं अवघड आहे. नॉब हळूहळू फिरवला आणि पहिल्यांदाच पायऱ्या नव्हत्या, उतार होता. रेझोनन्स पंधराच्या पलीकडे गेला आणि फिल्टरने बारीक, काचेची शीळ घातली. मग तिसरा नॉब. खालचा 'सा' धरला होता. तो आधी घोगरा झाला, मग फाटला, मग पत्र्याच्या शेडवर वळवाचा पाऊस पडावा तसा काहीतरी कोसळायला लागला. आठ बिऱ्हाडांचं भांडण एका नळावर. एकच फिल्टर असल्यामुळे ते भांडण सगळ्यांचं एकत्र होतं, आठ फिल्टरांच्या यंत्रात ते असं झालं नसतं. ज्या काटकसरीला मी दोन आठवडे नावं ठेवत होतो तीच इथे कामाला आली. बायकोने दार लोटून घेतलं.

एक काम उरलं होतं. नॉब कुठे ठेवला की यंत्र जुन्यासारखं वागतं, ते शोधणं. मल्टिमीटर कटऑफच्या पायाला लावला. नॉब जोडलेला नसताना तिथे जितका व्होल्टेज होता, तितका तो बरोबर अकरा वाजण्याच्या जागी मिळाला. व्हाइटनरने तिथे एक ठिपका दिला. म्हणजे मामा कधी आलाच, तर नॉब ठिपक्यावर ठेवायचा आणि त्याचा पॉली त्याला परत.

मामा-मामी दिवाळीनंतर आले. मामाने खिशातून एक कॅसेट काढली. मेलट्रॅकची, वर बॉलपेनने लिहिलेलं: 'पॉली. गणपती ८८. वाजवू नये.' पॉलीचे पॅच कॅसेटवर साठवता यायचे, आकड्यांचा कर्कश आवाज करून. मामी लगेच म्हणाली, "सत्यनारायणाला मी हीच लावली होती भजनं समजून. गुरुजी उठून उभे राहिले." कॅसेटबरोबर घडी पडलेला एक कागद होता, मामाच्या अक्षरात यादी. या यंत्रात नंबर ११ ते ८८ असतात आणि त्यात ९ किंवा ० हा आकडा येत नाही. '१२ शहनाई (खोटी). ३४ व्हायोलिन. ४६ ब्रास, फक्त वरच्या सप्तकात. ५७ भूत.'

वरच्या मजल्यावरून टेपरेकॉर्डर मागून आणला. दोनदा नाही म्हणालं, तिसऱ्यांदा हेड स्पिरिटने पुसल्यावर सगळे पॅच आत गेले. मामाचं वय आता ७६. खुर्ची पुढे ओढून त्याने आधी तीन नवे नॉब बघितले, मग ओरखडा बघितला, आणि काही बोलला नाही. मी तिसरा नॉब फिरवून माझी करामत ऐकवली. तो म्हणाला, "हे तेव्हा असतं तर भुताला वेगळा नंबर लागला नसता."

मग त्याने ३४ लावला. मी नॉब ठिपक्यावर आणून ठेवला. बोटं जड झाली आहेत त्याची, पण पीस पूर्ण आठवत होता, कुठल्याशा गाण्याच्या दुसऱ्या कडव्याआधीचा. चार मात्रा वाजवून थांबला.

"असा नव्हता."

"असाच होता, मामा. मीटरने बघितलंय. हा ठिपका म्हणजे तुझाच आवाज."

"मीटर होता का तिथे?"

त्याने डाव्या हाताने नॉब उघडत नेला. साडेअकरा. बारा. मला तो आता सरळसरळ चकचकीत ऐकू येत होता, थोडा टोचणारा. साडेबाराला तो थांबला. तोच पीस पुन्हा पहिल्यापासून वाजवला, शेवटपर्यंत, आणि मान हलवली.

वय झालं की कान वरच्या स्वरांशांपासून बहिरे होत जातात, हे मला माहीत आहे. घरी टीव्ही किती मोठा लागतो यावरून मामी रोज भांडते. मांडवातले ते भोंगे आणि माझ्या टेबलावरचे स्पीकर यांतही फरक आहे. चाळीस वर्षांत आतले कंडेन्सर कुठल्या कुठे सरकले असतील, त्यातले मी थोडेच बदलले. यातलं काय साडेबाराला जबाबदार होतं ते मी सांगू शकत नाही, आणि त्या वेळी तोंडावर आलेलं कानांचं वाक्य मी गिळलं.

"खूण कर," मामा म्हणाला.

व्हाइटनर सुकून गेलं होतं. मामीने पर्समधून नेलपॉलिशची बाटली काढून दिली. मामाने स्वतःच ठिपका दिला, हात थरथरल्यामुळे जरा मोठाच. पांढऱ्या ठिपक्यापासून लाल ठिपका एका चिंचोक्याच्या अंतरावर.

"एवढ्यासाठी माझी बाटली उघडायला लावली," मामी म्हणाली.

मामाने ५७ लावला.